संतांच्या घरचा केर

आमच्या चिरंजीवांना सव्विसाव्या वर्षी वैराग्य आलं. आमचं शिलाईचं दुकान. मी आणि नवरा मशीनवर, कापायचं काम ह्याच्याकडे. एक दिवस कात्री खाली ठेवून म्हणाला, "आई, मी संन्यास घेतो." मी म्हटलं, आधी हातातली बाही तरी काप.

पण खूळ डोक्यातून जाईना. शेजारच्या काकू म्हणाल्या, त्याला संतांच्या जन्मघरी ने, तिथे डोकं टेकलं की मन ताळ्यावर येतं. मला पटलं. म्हणजे बघा, ज्यांनी सतराव्या वर्षी घर सोडलं, त्यांच्याच दारात मी पोराला घरी ठेवा म्हणून सांगायला निघाले. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय!

घर मात्र छान जपलंय. दोनच खोल्या. पाळणा काचेमागे, चुलीभोवती दोरी. माहिती सांगणारे गृहस्थ म्हणाले, "याच उंबऱ्यावरून महाराज निघाले. परत कधी आले नाहीत." लोक त्या उंबऱ्यावर डोकं टेकत होते.

मी विचारलं, "आणि त्यांच्या आईचं पुढे काय झालं?"

"त्याची काही माहिती मिळत नाही, बाई."

मीही उंबऱ्यावर डोकं टेकलं. डोळे मिटून महाराजांना स्पष्टच सांगितलं, तुम्ही थोर आहात, पण माझा हा एकुलता एक तुमच्यासारखा होऊ देऊ नका.

डोळे उघडले तर चिरंजीव दोरीच्या आत. खिशातला रुमाल काढून चुलीवरची धूळ पुसत होते. घरी हा इकडची काडी तिकडे करत नाही, जेवलेलं ताटसुद्धा मीच उचलते. मला वाटलं गृहस्थ आता ओरडणार, तर ते खूश झाले. म्हणाले, झाडलोटीला माणूसच टिकत नाही हो, राहायला खोली आहे, दोन वेळचं जेवण आहे.

"मी राहतो," हा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, अगदी समजूत काढल्यासारखं, "आई, संन्यास नाही घेत. झालं ना तुझ्या मनासारखं?"

महाराजांनी माझा शब्द तंतोतंत पाळला होता. तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

महिनाभर कळ काढली. कापडं आता नवराच कापतो, वाकडी. शेवटी राहवेना, तेव्हा पुन्हा गेले आणि सगळ्यांसारखी रांगेत उभी राहिले. तासाभराने आत पोचले. हा केरसुणी घेऊन पाळण्यापाशी उभा. तब्येत चांगली सुधारली होती, तेही मला खुपलं. मी नुसती बघत थांबले. वाटलं, बघेल, आई म्हणेल.

खाली बघूनच म्हणाला, "माताजी, पुढे सरका, मागे लोक खोळंबलेत."

रडू आलं, पण सरकले. लोक खरंच खोळंबले होते. माझ्या मागे एक बाई आपल्या मुलाचा दंड घट्ट धरून उभी होती, आणि तिचे ओठ भराभर हलत होते.