कामफेंडाचा सूक्ष्मदर्शक निकामी नाही

मी सूक्ष्मदर्शक आहे. उत्तर मलावीतल्या कामफेंडा दवाखान्याच्या प्रयोगशाळेत गेली एकतीस वर्षं उभा आहे. कागदोपत्री मी ‘निकामी’ आहे. तो कागद खोटा आहे, आणि तसं सांगायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशात झाला. कारखान्यात भिंगं घासणाऱ्या बायका माझ्यापाशी एक अक्षरही बोलल्या नाहीत. बोलणं मी ऐकलं ते इथं आल्यावर. ट्रकमधून मला उतरवलं, तेव्हा इथल्या प्रयोगशाळेच्या कुमवेंडाबाई बावीस वर्षांच्या होत्या आणि नोकरीचा त्यांचा पहिलाच महिना होता. त्यांनी भुसा झाडला, माझ्या पायाशी असलेला छोटा आरसा उन्हाकडे वळवला आणि म्हणाल्या, “ये बाबा. इथं वीज रुसते, आपण रुसायचं नाही.”

त्यांनी माझ्यातून हिवतापाचे जंतू पाहिले, क्षयाचे पाहिले, मुलांच्या पोटातले जंत पाहिले. पाहताना दुसरा डोळा त्या कधी मिटत नसत. रोगी मात्र काचेकडे न बघता बाईंच्या चेहऱ्याकडे बघत. त्यांना वाटे, आपलं नशीब तिथंच लिहिलंय.

मग चाचणीच्या पट्ट्या आल्या. रक्ताचा थेंब टाकला, की पाव तासात रेघ उमटते. पट्टी वाईट नाही. तिला विचारलेल्या एका प्रश्नाचं ती चोख उत्तर देते: हिवताप आहे की नाही. पण नवे प्रमुख म्हांगोसाहेब यांना तेवढंच पुरेसं वाटलं.

“बाई, हे म्हातारं खोकं कपाटात टाका. जागा अडवतंय.”

“खोकं म्हणू नका, साहेब. यानं तुमच्याहून जास्त माणसं पाहिलीत.”

“आतून पाहिलीत,” साहेब हसले, आणि त्यांनी निकामी सामानाच्या यादीत मला लिहून टाकलं.

चौदा महिने मी कपाटात होतो. भिंगांवर बुरशी चढली. बाहेर रोज साहेबांचा आवाज ऐकू येई, “काही नाही. गोळ्या द्या. पुढचा.” मी आत जळत होतो. काही नाही? बघितलंय कुणी?

एका सकाळी न्यामसिस्का नावाची म्हातारी आपल्या सुनेला सायकलच्या मागे बसवून घेऊन आली. सून तोवेरा. अभयारण्याच्या कडेला छपराचं गवत कापायला जायची. तिसऱ्यांदा आली होती. आधीच्या दोन्ही वेळा पट्टीवर रेघ उमटली नव्हती, आणि दोन्ही वेळा तिला गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं.

“दिवसा झोपते, रात्री जागते,” म्हातारी म्हणाली. “काल मक्याच्या न्सिमाचा घास तोंडात धरून झोपली. गाव म्हणतं आळशी. अहो, आळशी असती तर सासूला आधी कळलं असतं! माझा धाकटा असाच झोपत झोपत गेला, याच जानेवारीत. त्यालाही इथं आणलं होतं. तुम्ही म्हणालात, काही नाही.”

त्या पोराचं रक्त माझ्या भिंगाखाली आलंच नव्हतं. जानेवारीत मी कपाटात होतो.

बाईंनी तोवेराच्या दंडावरचा जुना काळसर व्रण पाहिला. “इथं माशी चावली होती?”

“गवतातली. फार दुखलं होतं,” तोवेरा पुटपुटली आणि तिचे डोळे मिटले.

बाई उठल्या आणि त्यांनी कपाट उघडलं.

“बाई, पट्टी नाही म्हणतेय,” साहेबांनी हटकलं.

“पट्टी हिवतापाला नाही म्हणतेय. बाकीच्याचं तिला विचारलंय कुणी?”

“ते यंत्र निकामी आहे!”

“मग निकामी यंत्रासोबत मी बसते. तुम्ही कामाचं काम करा.”

त्यांनी माझी भिंगं पुसली. वीज गेलेलीच होती. मला खिडकीत नेऊन त्यांनी माझा आरसा उन्हाला लावला. तोवेराच्या बोटातलं ताजं रक्त काचेवर घेतलं. पहिल्या काचेत काही नव्हतं. दुसऱ्या काचेतही नाही.

“झालं समाधान?” साहेब म्हणाले.

बाईंनी तिसरी काच ठेवली. मी धूसर होतो, एका कडेला तर आंधळाच होतो; पण जेवढं दिसत होतं त्यातून काही सुटू द्यायचं नाही असा मी हट्ट धरला. आणि एका कोपऱ्यात तांबड्या पेशी हलल्या. साप दिसण्याआधी गवत हलतं, तशा. मग तो दिसला. बारीक, वळवळता, पेशींना ढुशा देत निघालेला. त्या गवतातल्या माशीनं दिलेला निद्रारोगाचा जंतू.

बाई नुसत्या बाजूला सरकल्या. “या साहेब. बसा.”

साहेब वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. “हे... हे काय हलतंय?”

“पट्टीला विचारा,” बाई म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

तोवेराच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं, त्यातही तो होताच. जिल्ह्याहून औषध यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस म्हातारी सुनेच्या खाटेखालीच झोपली. तोवेरा वाचली. बरेच महिने तिचे हात थरथरत, पण ती आपल्या पायांनी चालत घरी गेली. जाताना म्हातारी साहेबांसमोर थांबली. “एक परत नेतेय,” म्हणाली. “आणले मी दोन होते.”

त्या आठवड्यात बाईंनी मागच्या वर्षभरातले ‘काही नाही’ लिहिलेले कागद काढले आणि गवत कापणाऱ्या तीन गावांतल्या लोकांना परत बोलावलं. त्यांतल्या चौघांच्या रक्तात तोच जंतू सापडला, वेळेत.

यादीतलं माझं नाव अजून कुणी खोडलेलं नाही. राहू द्या. माझं एक भिंग कायमचं गेलंय, मान करकरते, आणि काही वर्षांत बाई निवृत्त होतील. पण मला पुन्हा अंधारात कोंडायला कुणी आलं, तर त्यानं आधी न्यामसिस्काच्या दारात जाऊन तिची परवानगी आणावी.

आत्ता माझ्या भिंगाखाली एका शाळामास्तराच्या रक्ताचा थेंब आहे. डोळा लावून बसलेत ते म्हांगोसाहेब. दुसरा डोळाही उघडाच आहे, बाईंनी शिकवलंय. बाहेरून कुणीतरी ओरडतंय, “अहो, काही आहे का नाही?”

ओरडू द्या. आम्ही अजून बघतोय.