बॅप्टिस्टने राखून ठेवलेली फळी

मी शिसवाची फळी बोलतेय. स्वस्थ पडून राहणं माझ्या स्वभावात नाही, आणि नशिबात नेमकं तेच आलं.

कारवारकडच्या रानात मला तोडलं, चिरलं आणि मी अंधेरीच्या मरोळ गावात बॅप्टिस्ट सुताराकडे आले. तो खाटा करायचा, चर्चची बाकं करायचा आणि मेलेल्यांच्या पेट्याही. गावाच्या पेट्यांना आंब्याच्या फळ्या. मला मात्र त्याने स्वतःच्या पेटीचं झाकण म्हणून राखून ठेवलं. "राजासारखा जाईन," म्हणायचा. माणसं मरणाचीही किती हौसेने तयारी करतात! नऊ वर्षं मी माळ्यावर वाळत होते आणि माझा जीव नुसता खालीवर होत होता.

त्याचा मुलगा गिल्बर्ट गिटारी बनवायला शिकला. त्याचा माझ्यावर डोळा.

"बापा, असं घट्ट लाकूड शोधून सापडायचं नाय. गिटारीची पाठ करतो हिची."

"आनि मी काय उघडा जाऊ?" बॅप्टिस्ट खेकसायचा.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात म्हाताऱ्याचा दमा बळावला. डॉक्टरांनी हात टेकले. मला माळ्यावरून उतरवलं आणि गिल्बर्ट डोळे पुसत झाकणाची मापं घेऊ लागला. माझं तर धाबंच दणाणलं. एकदा मातीत गेले की संपलं सगळं!

बॅप्टिस्टने खाटेवरून हात लांब केला आणि बोटाच्या पेराने मला ठोकलं. मी होता नव्हता तो जीव एकवटून खणखणले. त्याने पुन्हा ठोकलं, कान लावला.

"गिल्बर्ट, ही पुरायची चीज नाय रं. मना आंबा चालंल."

गिल्बर्टने मला चिरून गिटारीची पाठ केली. तारा चढल्या तेव्हा म्हातारा उरला नव्हता.

आता घरात वर्षाचं सुतक. म्हाताऱ्याची बायको एथेल काळ्या कपड्यांत असते. वाजवणं बंद, मी खिळ्याला टांगलेली. परवा शेजारी लग्नात घुमट, ते मातीच्या मडक्याचं ढोलकं, वाजलं आणि मला राहवलं नाही, माझ्या तारा आपोआप गुणगुणल्या. एथेल धावत आली. "गप गं," म्हणाली आणि तिने तारांवर तळवा दाबून धरला.

एथेलबाई, तुमचं दुःख मला कळतं. पण ज्याच्यासाठी मला गप्प करता, तो आंब्याच्या फळ्यांत झोपला ते मी गप्प राहू नये म्हणूनच. तळवा उचला.