ऐकणारीनं बोलायचं नाही

"सरकारला माझं काय ऐकायचंय?" वकील म्हणाले. "मी दिवसभर कोर्टात मोठ्यानंच बोलतो. फुकट ऐकू येतं."

"तुमचं नाही, माझं ऐकतात," केमिस्ट म्हणाला.

हे तो अशा थाटात म्हणाला, की बाकीच्यांना आपलं कुणी ऐकत नसल्याबद्दल जरा ओशाळल्यासारखं झालं.

आमच्या इमारतीचं इंटरनेट बंद पडून तिसरा दिवस होता. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापले राउटर बंद करून चालू केले. दुसऱ्या दिवशी एकमेकांचे केले. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून रीतसर वादविवाद ठेवण्यात आला. विषय फळ्यावर खडूनं लिहिला होता: 'सरकारी पाळतीमुळे इंटरनेट बंद पडू शकते काय?' 'पडू शकते' असं मानणारे स्कूटरच्या उजवीकडे, 'पडू शकत नाही' वाले डावीकडे. मी स्कूटरवर बसलो होतो, कारण इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी घरून काम करतो. नेट नसल्यामुळे माझ्याकडे नुसतं घर उरलं होतं.

अध्यक्षपदी दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर होते. त्यांनी सदतीस वर्षं भूगोल शिकवला. जगात कुठे काय आहे हे त्यांना माहीत, फक्त चष्मा कुठे आहे ते नाही.

"पुरावा काय?" मास्तरांनी विचारलं.

"मी मेहुण्याला फोनवर विचारलं, माल आला का," केमिस्ट म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सकाळी नेट गेलं."

"कसला माल?"

"खोकल्याचं औषध."

"एका बाटलीसाठी अख्ख्या इमारतीचं नेट बंद करतील?" वकील म्हणाले.

"खोकला पसरतो ना."

केमिस्टचा सिद्धांत सोपा होता. नेट म्हणजे पाण्याचा पाइप. मधे कुणी तोंड लावून प्यायला, की आपल्या नळाला करंगळीएवढी धार. वकिलांना हे मुळीच पटलं नाही. ते म्हणाले, ऐकल्यानं काही कमी होत नसतं.

"खरं आहे," केमिस्टची बायको म्हणाली. "मी यांचं सव्वीस वर्षं ऐकतेय. काडीचं कमी झालेलं नाही."

हे कोणत्या बाजूचं मत धरायचं, ते मला कळेना. मी ते 'इतर' खाली लिहिलं.

माझं निम्मं लक्ष मावशीकडे होतं. ती शेवटच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून, मान किंचित डावीकडे कलती करून बसली होती. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती ती, परगावचे फोन जोडून देणारी. इमारतीत तिला ट्रंकमावशी म्हणतात. लहान मुलांना वाटतं, ती पत्र्याची ट्रंक विकायची.

या वादाचं उत्तर तिला माहीत होतं. आणि तिला ते माहीत आहे, हे सबंध इमारतीत फक्त मला माहीत होतं. तेही आदल्या दुपारपासून. नेट नसल्यामुळे एका घरात राहणाऱ्या आम्हा दोघांना एकमेकांशी बोलावं लागलं होतं.

आधी ती नेहमीचंच सांगत होती. लांबलचक खोली, लाकडी बोर्ड, ओळीनं भोकं आणि प्रत्येक भोकावर हरभऱ्याएवढा दिवा. आठ जणी एका रांगेत, कानाला हेडसेट. दिवा लागला की कॉर्ड खुपसायची, 'बोला' म्हणायचं. दुपारी गर्दी ओसरली की कुणीतरी स्वेटर विणायला घ्यायची आणि टाके मोजता मोजता नंबर चुकवायची. लांबची लाइन खराब असेल, तर ऑपरेटर मधे बसून निरोप पोचवायची. तोही जसाच्या तसा, 'मी' म्हणून. 'ती म्हणतेय' वगैरे नाही. त्यात वेळ जातो.

"एका परक्या माणसाला मी सांगितलंय, माझं तुमच्यावर प्रेम आहे," मावशी म्हणाली. "आणि लगेच, तीन मिनिटं झाली, वाढवायची का?"

"मग?"

"तो म्हणाला, विचार करून सांगतो. तेही मी तिला कळवलं. दोन दिवस मलाच वाईट वाटत होतं."

मी हसत होतो. ती थांबली आणि मग तिनं नवव्या खुर्चीचं सांगितलं.

नववी खुर्ची कोपऱ्यात होती. साहेबांकडून चिठ्ठी यायची, तिच्यावर एक नंबर. त्या नंबराचा फोन लागला की आपली तिसरी कॉर्ड गुपचूप मधे लावायची, ऐकायचं आणि रजिस्टरात लिहायचं. नियम एकच: ऐकणारीनं बोलायचं नाही. अडतीस वर्षांपूर्वी मावशी चार महिने त्या खुर्चीवर होती आणि चिठ्ठीवर मास्तरांचा नंबर होता. मास्तरांनी शाळेच्या गळक्या छपराबद्दल वर्तमानपत्राला तीन पत्रं लिहिली होती. सरकारला वाटलं, छपराखाली काहीतरी शिजतंय.

मास्तर दर रविवारी दुपारी एकच फोन लावायचे. दूरच्या आरोग्यधामात त्यांची बायको होती, छातीच्या दुखण्यानं. मावशी लिहायची: 'प्रकृतीची विचारपूस. ताप उतरला. उशी कडक आहे.' पुढच्या रविवारी: 'उशी बदलली.' साहेबांनी उशीखाली लाल रेघ मारली आणि शेरा लिहिला, 'याचा अर्थ काय?'

लाइन मुळातच अशक्त. त्यात तिसरी कॉर्ड लावली की आवाज आणखी खाली जायचा. त्या शेवटच्या रविवारी तो इतका खाली गेला, की दोघांना एकमेकांचं काही ऐकू येईना. मधे बसलेल्या मावशीला मात्र दोन्हीकडचं येत होतं.

"कॉर्ड उपटली असती तर आवाज वर आला असता," ती म्हणाली. "किंवा मी मधे पडून निरोप सांगितला असता. पण एकात रजिस्टर कोरं राहिलं असतं, दुसऱ्यात नियम मोडला असता. मग बदली. तुझी आई तेव्हा शिकत होती, माझ्या पगारावर."

म्हणजे जन्माला यायच्या आधीपासून मीही या प्रकरणात होतो.

त्या गुरुवारी मास्तरांची बायको गेली. पुढच्या रविवारी तो दिवा लागला नाही.

नऊ वर्षांपूर्वी मावशीनं या इमारतीत घर घेतलं. सामान चढवताना वरून कुणीतरी म्हणालं, "जपून, कठडा हलतो." मावशीच्या हातातली बादली तिथेच राहिली. चेहरे तिच्या लक्षात राहत नाहीत, पण आवाज ती विसरत नाही.

मास्तर तो शेवटचा फोन विनोद म्हणून सांगतात. इमारतीत सगळ्यांना पाठ आहे. 'मी म्हटलं, परीक्षा संपल्या की येतो. तर हिनं रागानं फोनच ठेवून दिला. आणि आजतागायत उचललेला नाही.' लोक हसतात. मास्तरही हसतात, सगळ्यांच्या नंतर थोडा वेळ जास्त.

"मग सांगून का टाकत नाहीस?" मी विचारलं.

"सही केली होती, कुणाला सांगणार नाही म्हणून."

"ते एक्स्चेंज पाडून तिथे आता कपड्यांचं दुकान झालंय."

"सही माझी आहे, एक्स्चेंजची नाही." मग म्हणाली, "आणि सांगितलं, तर जिन्यात भेटल्यावर ते माझ्याशी बोलायचे नाहीत."

"त्या काय म्हणाल्या होत्या शेवटी?"

"ते तुला कशाला सांगू? ते मास्तरांचं आहे."

तर खाली वाद चालू होता. वकिलांनी तीन मुद्दे मांडले, त्यातला दुसरा आणि तिसरा एकच होता. केमिस्ट म्हणाला, आपल्या फोनमध्ये हल्ली श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. वकील म्हणाले, तो तुमचाच.

"आपल्याकडे तज्ज्ञ असताना आपण का भांडतोय?" केमिस्टची बायको म्हणाली. "ट्रंकमावशी, तुम्ही सांगा. मधे कुणी ऐकत बसलं तर लाइन बिघडते का?"

सगळ्या माना मागे वळल्या. मावशीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं. धीर द्यायची वेळ आली की मला नेहमी वहीत काहीतरी दिसतं.

"हल्लीचं मला माहीत नाही," मावशी म्हणाली.

"आणि पूर्वीचं?" मास्तरांनी अध्यक्ष म्हणून विचारलं.

"पूर्वी बिघडायची."

उजवीकडे टाळ्या वाजल्या.

"ऐकीव माहिती," वकील म्हणाले.

"ऐकीवच," मावशी म्हणाली. "मीच ऐकत होते. मास्तर, तुमचा फोन."

टाळ्या एकेक करून थांबल्या. मास्तरांच्या चेहऱ्यावर तो विनोद सांगतानाचं हसू तयार होत होतं, ते अर्ध्यावरच राहिलं.

"त्यांनी फोन ठेवला नव्हता," मावशी म्हणाली. "लाइन बसली होती. माझ्या कॉर्डमुळे."

मी इतिवृत्त लिहायचं थांबवलं.

तेवढ्यात फाटकातून नेटवाला आला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर वायरचं वेटोळं.

"सापडलं," तो म्हणाला. "कोपऱ्यावर सरकारचा कॅमेरा बसतोय, गल्लीवर नजर ठेवायला. त्याच्या खांबासाठी खड्डा खणला आणि आपली केबल तोडली. वर मातीही टाकून गेले."

मग केमिस्ट सावकाश उठून उभा राहिला. इतका समाधानी माणूस मी पाहिलेला नाही.

"म्हणजे पाळतीमुळेच बंद पडलं."

"कुदळीमुळे," वकील म्हणाले.

"कुदळ कुणाची?"

"कुदळ ऐकत नसते."

दोन्ही बाजू जिंकल्या होत्या. आता खड्डा पाहणं भाग होतं. दोन मिनिटांत सगळी सभा कोपऱ्याकडे गेली, आपल्यालाच तो आधी दिसावा अशा चालीनं. मास्तर बसून राहिले, मावशीही. दोघांच्या मधे रिकाम्या खुर्च्यांच्या चार रांगा होत्या. मी स्कूटरवर होतो. मी उतरायला हवं होतं, पण ती स्कूटर उतरताना कुरकुरते.

"नऊ वर्षं तुम्ही माझ्या खालच्या मजल्यावर राहताय, बाई," मास्तर म्हणाले.

"हो."

"कसलंसं कॅलेंडर द्यायला वर आला होतात. दोनदा. तेव्हा नाही सांगावंसं वाटलं?"

"तेव्हाच सांगायला आले होते. दोन्ही वेळा."

मास्तरांनी पुढची खुर्ची घडी करून भिंतीला लावली. मग दुसरी. मला वाटलं, ते आता सगळ्या खुर्च्या आवरतील आणि काही न बोलता वर निघून जातील. तिसरी त्यांनी उचलली नाही.

"मी हॅलो हॅलो करत होतो."

"अकरा वेळा," मावशी म्हणाली.

"आणि ती?"

मावशी उठली. रिकाम्या खुर्च्यांमधून वाट काढत त्यांच्या शेजारी येऊन बसली. मान डावीकडे कलती केली आणि बोलायला लागली. तिचा स्वर सपाट होता. घाई नव्हती, रडूही नव्हतं. त्या खोलीत ती अशीच बोलत असणार.

"मी रागावलेली नाही. तुम्ही परीक्षा आटपून या. गप्प का झालात? बरं, राहा गप्प. तुम्ही गप्प बसलात की नकाशासारखे दिसता, सगळं असतं पण हलत काही नाही. इथे शेजारच्या खाटेवरची बाई मला पत्ते शिकवतेय. मी तिच्याशी लबाडी करते, तुम्हाला सांगून ठेवते. येताना तो निळा शर्ट घालू नका, त्यात तुम्ही पोस्टमन वाटता, सगळे पत्र मागतील. ऐकताय ना? ऐकत असाल. तुम्ही ऐकता ते मला कळतं. दाराची कडी ढिली आहे, ती बघा. बास. दुसरं काही नाही. मला बरं वाटतंय."

कोपऱ्यावरून केमिस्टचा आवाज येत होता. तो खड्ड्याची खोली सांगत होता.

मास्तरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला.

"निळाच घालून गेलो होतो," ते म्हणाले. "न्यायला."

मावशीनं विचारलं, "तुम्हाला त्यांना काही सांगायचं होतं का? तेव्हा?"

मास्तरांनी चष्मा परत घातला. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो, केमिस्टच्या फोनमधला असल्यासारखा.

"पत्त्यांत मलाही फसवायची," ते म्हणाले. "मला माहीत होतं, एवढंच."

मावशीनं मान हलवली, निरोप लिहून घेतल्यासारखी.

ते उठले. मावशीकडे न बघता जिन्याकडे गेले. पहिल्या पायरीवर थांबून म्हणाले, "मी रागावलोय, बाई."

"हो."

"बराच दिवस राहीन बहुतेक."

"राहा, मास्तर."

ते वर गेले. मावशी तिथेच बसून ऐकत राहिली, म्हणून मीही ऐकलं. एकेक पायरी, वळणावर जरा थांबणं, पुन्हा पायऱ्या. मग किल्ल्या, मग दार उघडल्याचा आवाज. आम्ही दोघांनी पुष्कळ वेळ वाट पाहिली, पण दार लावल्याचा आवाज आला नाही.