मोटारमातेचं रक्त

त्या दिवशी आमच्या गावात एकही माणूस निष्पाप उरला नव्हता. नवापूरजवळ हायवेच्या खालच्या पडीक शेतात एक भलीमोठी, जुनी, परदेशी बनावटीची ऑटोमॅटिक गाडी उभी होती. बॉनेट उघडं, त्यावर झेंडूच्या माळा, इंजिन सकाळपासून घुरघुरतंय. तिच्यापुढे आमचे लोक रांगेत उभे राहून ढसाढसा रडत होते. कोणी दुधात पाणी घातलेलं सांगत होता, कोणी भावाचा बांध कोरलेला.

ती गाडी घेऊन आलेले मोटारबाबा इंजिनाजवळून एक लांब लोखंडी पट्टी ओढायचे, फडक्याने पुसायचे, परत खुपसून बाहेर काढायचे. टोकाला जेमतेम लाल थेंब.

"बघा! मोटारमातेचं रक्त आटलं! समोर पापी उभा आहे! माता पेट्रोल पचवते, खोटं पचवत नाही! पोटात पाप, मातेला ताप!"

काय ते यमक! माझ्या सातवीच्या पोरांनी याहून बरं जुळवलं असतं.

माणूस कबूल झाला की बाबा हात वर करायचे. "मातेला शांत होऊ द्या!" इंजिन थांबायचं, सगळे डोळे मिटून जप करायचे, आणि पट्टी पुन्हा निघायची तेव्हा लाल रंग वरच्या खुणेच्याही वर चढलेला असायचा. मग जयजयकार, ड्रायव्हर पुन्हा किल्ली फिरवायचा, आणि पुढचा पापी.

मी शाळेत विज्ञान शिकवते. असल्या ठिकाणी एरवी फिरकतसुद्धा नाही. आले होते ती रूपालीसाठी. रूपाली माझी जुनी विद्यार्थिनी, आता निर्मलाबाईंची सून. गेल्या महिन्यात, तिसरा महिना चालू असताना, तिचं पोट पडलं. डॉक्टरांनी समजावलं होतं, "इतक्या लवकर असं होतं तेव्हा बहुतेक वेळा गर्भच नीट धरलेला नसतो. तुझी चूक नाही." पण त्या सकाळी तिने कोंबड्यांच्या शेडमध्ये खाद्याची पोती उचलली होती, आणि तेच तिच्या डोक्यात बसलं. जेवेना, बोलेना. म्हणून निर्मलाबाईंनी तिला इथे आणलं. आज ही पोर साऱ्या गावासमोर 'मीच मारलं' म्हणाली असती, तर तो डाग तिने जन्मभर वागवला असता आणि गावानेही तो पुसू दिला नसता.

खरं सांगू? ते रडणं ऐकून मीही माझी पापं मोजू लागले. आईच्या आजारपणात मी तिला भेटायला किती कमी वेळा गेले, ते सगळं आठवलं. क्षणभर वाटलं, आपणही जाऊन सांगून टाकावं.

तेवढ्यात म्हातारे उखाआप्पा पुढे आले. "मी काहीच करेल नही, बाबा," ते ठामपणे म्हणाले. पाप कबूल करायला त्यांनी साफ नकार दिला. बाबांनी पट्टी काढली. कोरडी! पुन्हा काढली. कोरडीच! लोकांनी आप्पांची हुर्यो उडवली, बिचारे मान खाली घालून गेले. माझ्या मात्र लक्षात आलं की यावेळी इंजिन थांबलंच नव्हतं.

आता रूपालीची पाळी होती. ती पुढे झाली तशी मी मध्ये घुसले.

"आधी मला बोलू द्या. माझं पाप फार मोठं आहे."

निर्मलाबाई चिडल्या. "बाई, तुम्ही कसाले मझार पडतस? पोरगी मोकळी व्हई जाई ना!"

बाबांचे डोळे चमकले. मोठं पाप म्हणजे मोठा चमत्कार! "बोल, बोल."

"लहानपणी मी माझ्या धाकट्या बहिणीला विहिरीत ढकललं," मी पदर डोळ्याला लावून म्हणाले.

इंजिन थांबलं, जप झाला, पट्टी निघाली. रक्त वर!

"मातेने माफ केलं!" बाबा गरजले.

"अय माय!" निर्मलाबाईंच्या तोंडून निघालं. "बाईले तर बहीणच नही! चार भाऊ शेतस!"

"नाहीच मुळी! मी धडधडीत खोटं बोलले आणि तुमच्या मातेने ते ढेकर देऊन पचवलं. रूपाली, इकडे ये. किल्ली फिरव. मी आता तोंडसुद्धा उघडत नाही."

बाबांचा ड्रायव्हर आडवा आला, पण लोकांनी त्याला बाजूला सारलं. रूपालीने इंजिन चालू केलं, स्वतः पट्टी पुसून बुडवली. कोरडी. इंजिन बंद केलं, थोडं थांबलो. रक्त वर. पुन्हा चालू. कोरडी. तिने ओठ घट्ट मिटून परत परत करून पाहिलं.

"हे रक्त नाही," मी मोठ्याने सांगितलं. "गिअरबॉक्सचं तेल आहे. ऑटोमॅटिक गाडीचं हे तेल बहुतेक लालच मिळतं, कुठल्याही दुकानात विचारा. इंजिन चालू असलं की पंप ते खालून ओढून वर फिरवतो, म्हणून पट्टीवर कमी दिसतं. बंद केलं की ते खाली उतरतं आणि पट्टीवर चढतं. माझ्या भावाची अशीच गाडी आहे. तेल नीट आहे का ते तो सपाट जागेवर, गाडी तापल्यावर, इंजिन चालू ठेवूनच बघतो. या महाराजांनी तेल मुद्दाम कमी ठेवलंय, म्हणजे प्रत्येक जण आधी पापी ठरतो! अहो, कोणी तुमचं पाप मोजायला बसला तर रडण्याआधी एवढं तरी विचारा, इंजिन चालू आहे की बंद?"

बाबा केव्हाच गाडीत जाऊन बसले होते. ड्रायव्हरने बॉनेट आपटून बंद केलं आणि गाडी हायवेच्या चढाला घातली. इंजिन नुसतं बोंबलत राहिलं, गाडी पुढे सरकेना. तेल कमी असल्यावर गिअर धरणार कसे? शेवटी बाबांनाच खाली उतरून मातेला मागून ढकलत खालच्या वाटेने दूर न्यावं लागलं. लोक हसले, पण ओशाळून हसले. घटकाभरापूर्वी एकमेकांसमोर काय काय ओकून बसलो, ते आता प्रत्येकाला आठवत होतं. उखाआप्पांना हसणारे तर माझ्याकडे बघेनात.

रूपाली तिथेच उभी होती. "बाई, मग बाळ माझ्यामुळे नाही ना गेलं? मी पोतं उचललं होतं हो."

"नाही गं. डॉक्टरांनी सांगितलं तेच खरं होतं. तू या पट्टीवर विश्वास ठेवलास, त्यांच्यावर नाही."

निर्मलाबाई मटकन खाली बसल्या. आता समोर ना गाडी होती ना बाबा. कोणी विचारलंही नव्हतं.

"पोतं उचलाले मीच लावं व्हतं," त्या म्हणाल्या. "आणि पट्टीपुढे उभी मात्र तुले करं."

"आई, तुमच्यामुळेही नाही गेलं. बाईंनी आत्ताच सांगितलं ना!" रूपालीने त्यांना उठवायला हात पुढे केले आणि मध्येच थबकली. तळवे लालभडक झाले होते. ती आपल्या हातांकडे बघतच राहिली.

निर्मलाबाईंनी ते हात आपल्या पदरात घेतले आणि एकेक बोट पुसून काढलं.

"तेल शे, बेटा. नुसतं तेल शे."