छपरीची भिंत

घरासमोरची उघडी छपरी विटांनी बंदिस्त करून तिची खोली केली, तेव्हा पुंडलिकरावांच्या घरात एका गोष्टीचा कुणी विचार केला नव्हता. लग्नाची नावं आत आली.

आंजी गावात ज्या घरी लग्न होतं, त्या घराच्या दर्शनी भिंतीवर वधूवरांची नावं रंगवतात. ती कुणी पुसायची नसतात. ऊनपाऊसच त्यांना हळूहळू पुसून नेतो. मुलीच्या, आकांक्षाच्या, लग्नात पुंडलिकरावांनी छपरीची भिंत आकाशी करून घेतली आणि पेंटरकडून तिच्यावर लाल ऑइलपेंटात ठसठशीत अक्षरं काढून घेतली. एकीकडे चि. अंकुश, दुसरीकडे चि. सौ. कां. आकांक्षा, मधे कलश. पुढच्या उन्हाळ्यात भाजीचे कॅरेट ठेवायला जागा हवी म्हणून छपरीला समोरून भिंत आणि दार बसलं, आणि बाहेरची भिंत घरातली झाली. तिथं ना कडक ऊन पोचलं, ना पाऊस. अक्षरं कालच काढल्यासारखी राहिली.

आता त्याच खोलीत आकांक्षाची खाट होती.

सासर सोडून ती आली, त्याला वर्ष होत आलं होतं. सकाळी आई-वडील मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसले, की ती डबा घेऊन बस पकडायची आणि शहराजवळच्या सिंदी मेघेतल्या एका रंगाच्या दुकानात दिवसभर उभी राहायची. गिऱ्हाइकांना रंग सुचवण्यात तिचा हात बसला होता. थंडी पडू लागली, तशी उत्तरेकडच्या खोल्यांची तक्रार घेऊन येणारे तिच्याकडेच येत.

"भिंत रंगवली म्हणून थंडी कमी होते का व?" एका काकांनी तिला चिडवत विचारलं होतं.

"थंडी तेवढीच राह्यते काका," ती म्हणाली होती. "पण निळ्या भिंतीकडं पाहून आंग चोरून बसते माणूस. पिवळसर, मातकट रंगाजवळ तो पाय पसरते. लावून पाहा, मग मले सांगजा."

हे सांगताना दर वेळी तिला आपली आकाशी भिंत आठवे. पहाटे डोळे उघडले, की समोर तो थंड निळा रंग आणि त्यावर ते नाव. मग ब्लँकेटात कितीही गुरफटलं, तरी अंगातली शिरशिरी जात नसे.

संक्रांत तोंडावर आली, तेव्हा पुंडलिकरावांचे चुलतभाऊ बापूराव यांचा निरोप आला. हे लग्न जुळवलं होतं त्यांनीच. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ते अंकुशला घेऊन येणार होते. पोरीला सासरी घेऊन जायचं होतं.

त्याच संध्याकाळी आकांक्षा बसमधून रंगाचा एक डबा घेऊन उतरली. कुण्या गिऱ्हाइकानं मनासारखा झाला नाही म्हणून परत केलेला हा रंग कोणी घेत नव्हतं. कोवळ्या उन्हातल्या, छपरावरच्या कवेलूसारखा तो होता, लालसर आणि हळदी यांच्या मधला. डबा तिनं खाटेखाली सरकवला, पण आईच्या, कुसुमबाईंच्या, नजरेतून तो सुटला नाही.

"हे काय आणलं व माय?"

"भिंत रंगवतो म्हणते."

पुंडलिकराव दारातच चपला काढत होते. ते थबकले. "कोणती भिंत?"

"ही."

"येडी झाली का तू? लग्नाची नावं हाताने पुसत नसतात. वारापाण्यानं जातात ते जातात."

"या खोलीत पाऊस येत नाई, बाबा. कधी जातीन?"

पुंडलिकराव वाईट माणूस नव्हते. मुलगी आली, तेव्हा ते तिला एका शब्दानंही बोलले नव्हते. फक्त भांडण आज ना उद्या मिटेल असं धरून ते चालले होते. "परवाले लोकं येऊन राह्यले," ते म्हणाले. "भिंत पुसलेली पाहून काय म्हणतीन?"

"तेच म्हणतीन, जे मी म्हणून राह्यली."

नवरा आणि मुलगी दोघांचेही आवाज चढलेले पाहून कुसुमबाईंनी आयुष्यभर केलं तेच केलं. मधला मार्ग काढला. "पुसू नको, माय. वरून नुसता हात मार. झाकली म्हणजे पुसली थोडीच? तुह्यंही होते आन् बाबाचंही राह्यते."

पुंडलिकराव चपला कोपऱ्यात सरकवून आत गेले. आईनं ती संमती समजली.

खरं तर ऑइलपेंट घासून काढल्याशिवाय त्यावर रंग देऊ नये, हे दुकानात आकांक्षा दिवसातून कितीदा तरी सांगत असे. पण घरात शांतता राहावी म्हणून आपल्याला जे पक्कं ठाऊक आहे ते बाजूला ठेवायची सवय तिलाही आईकडूनच आली होती. संक्रांतीच्या सकाळी शेजारणी वाण घेऊन फिरत होत्या, तेव्हा साडीचा पदर खोचून ती स्टुलावर चढली. दुपारपर्यंत दुसरा हातही झाला. आकाशी रंग गेला आणि खोली जणू पुढं सरकून तिच्याजवळ आली. कुसुमबाई तिळगूळ द्यायला आल्या त्या उगाचच तिथं रेंगाळल्या.

"चुलीपाशी बसल्यावानी वाटते व," त्या म्हणाल्या.

पण ऊन कललं. दारातून तिरपा उजेड भिंतीवर पडला, तशी वाळत्या रंगाखालून अक्षरांच्या कडा उठून आल्या. मग लाली झिरपल्यासारखी दिसू लागली. चि. अंकुश. आधीपेक्षा मळकट, आणि म्हणून आधीपेक्षा वाईट.

आकांक्षा खाटेच्या कडेला बसून बघत राहिली. झाकलेलं असंच वर येतं, हे तिला माहीत होतं. तिला राग भिंतीचा आला नाही. माहीत असूनही झाकायला बसलो, याचा आला.

ती उठली. पिशवीतून खरवडायची पत्ती आणि काचपेपर काढला आणि पहिल्याच अक्षरावर पत्ती लावली. त्या आवाजानं पुंडलिकराव आतून धावत आले.

"थांब! झाकायचं ठरलं होतं ना?"

"झाकून पाह्यलं, बाबा. नाई झाकल्या जात."

"आकांक्षा, हात आवर. लोकं नावं ठेवतीन. संसार हाय तो, असा खरवडून—"

"संसार?" ती स्टुलावरून वळली. रंगाची भुकटी तिच्या पापण्यांवर बसली होती. "तुम्ही कधी विचारलं नाई, मी काऊन आली म्हणून. आज ऐका. मागच्या पुसात, भर थंडीत, त्यानं मले रात्री गच्चीवर काढलं आन् आतून कडी लावली. नोकरी करतो म्हणाली म्हणून. आंगावर शाल नाई, पायात चप्पल नाई. सकाळी दूधवाल्यानं पाह्यलं तेव्हा दार उघडलं. आणि तेव्हा तो हसून राह्यला होता."

पुंडलिकरावांनी बायकोकडे पाहिलं. कुसुमबाईंनी मान खाली घातली. म्हणजे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

"त्या रात्रीपासून मले ऊब आली नाई, बाबा. आता माह्या घरात, माह्या खोलीत मी ते नाव पाहत झोपणार नाई. तुमाले वाईट वाटत असंन तर वाटू द्या."

ती पुन्हा भिंतीकडे वळली. पुंडलिकरावांनी पत्ती हातात घेतली नाही, शाबासही म्हटलं नाही. थोड्या वेळानं परसातून पाण्याची बादली आणून स्टुलापाशी ठेवली आणि ते गोठ्याकडे निघून गेले.

अंधार पडेपर्यंत दोन्ही नावं गेली होती. आपलंही नाव तिनं ठेवलं नाही. ‘चि. सौ. कां.’ लावून ते तिनं स्वतः कधी लिहिलंच नव्हतं. कलशही गेला. उघड्या पडलेल्या जागेवर तिनं रंगाचे नवे हात दिले. काही ठिकाणी भिंत खडबडीत राहिली. ती तशीच राहणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बापूराव आले. मफलर कानांवरून गुंडाळलेला, हातात तिळाच्या लाडवांचा डबा. मागं अंकुश, इस्त्रीच्या शर्टात. घरात शिरायचं तर याच खोलीतून. पुंडलिकरावांनी खुर्च्या मांडल्या होत्या.

बापूराव टेकले, चहाचा घोट घेतला आणि बोलता बोलता मफलर काढून मांडीवर ठेवला. "बाहेर काय गारठा हाय गा, पुंडलिक! इथं बरं वाटून राह्यलं." मग त्यांची नजर भिंतीवर गेली. कप बशीत परत आला. "नावं कुठं गेली?"

कुसुमबाई नवऱ्याकडे पाहत होत्या.

"खरवडून काढली," आकांक्षा म्हणाली. "मी येत नाई, काका. तुम्ही आले, चहा घ्या, बसा. पण मी येत नाई."

"अशी तोडातोडीची भाषा बायकांनी करू नये पोरी! जावई स्वतः आले. माफी मांगतो म्हणतात."

अंकुश हसला. हे हसणं आकांक्षाला ओळखीचं होतं. तो खुर्चीवर बसला नव्हता. घर आपलंच असल्यासारखा सैल उभा राहिला, आणि बोलायला सुरुवात करण्याआधी त्यानं खांदा भिंतीला टेकवला, नेमका जिथं त्याचं नाव होतं तिथं.

"भिंतीले टेकू नका," पुंडलिकराव म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. अंकुश दचकून सरळ झाला.

"रंग ओला हाय," पुंडलिकराव म्हणाले. "बापूराव, चहा झाला की निघा तुम्ही. पोरगी बोलली ते ऐकलं ना? तेच माह्यं हाय."

बापूरावांनी मफलर पुन्हा गुंडाळायला घेतला. अंकुश आधीच दाराबाहेर होता.

आकांक्षानं कपबश्या उचलल्या. वडील भिंतीजवळ पाठमोरे उभे होते आणि तळहातानं ती खडबडीत जागा चाचपत होते. हाताला रंग लागणार नव्हता. तो पहाटेच वाळला होता, आणि ते त्या दोघांनाही माहीत होतं.