उंच बोकड

"तोंड उघडा त्याचं, मावशी," मी म्हणालो.

शालूबाईंनी दोन दिवसांच्या करडाच्या तोंडात बोट घातलं. खालचा जबडा आखूड होता. आईचं आचळ त्याला धरताच येत नव्हतं. या महिन्यातलं हे चौथं. आधीची तिन्ही उपाशी मेली होती.

"औषध द्या, डॉक्टर."

"याला औषध नाही. बापाचंच तोंड आलंय."

बाप शेजारीच बांधलेला होता. खुजा, तसाच आखूड जबड्याचा. शालूबाईंनी त्याला लहानपणी बाटलीने जगवलं होतं. तिकोणा पेठेत त्यांच्या शेळ्यांचं एकेकाळी नाव होतं. पण पवनेच्या काठाला पर्यटकांचे तंबू लागले आणि त्यांच्या मटणासाठी बोकड नेणाऱ्या संदेशचा टेम्पो दर शनिवारी दारात यायला लागला. बाई मोठ्या हौसेने सगळ्यांत भरदार बोकड त्याला विकायच्या. कुणी घेईना तो हा मागे राहिला, आणि शेळ्या त्याच्यापासूनच गाभण राहिल्या. पुढे त्याच्या लेकीही त्याच्यापासूनच. एक चांगला बोकड पैदाशीला ठेवा, म्हणून मी कानीकपाळी ओरडत होतो. "ह्यो हाय की," एवढंच उत्तर मिळायचं. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

"पन बाकीच्यांची तोंडं सरळ हायती की," त्या म्हणाल्या.

"दिसायला सरळ. रक्त याचंच. म्हातारी शेळी इंदुरीहून गाभण आली होती ना? तिचा तो उंच बोकड कुठाय? त्याच्यात हे रक्त नाही. तो ठेवला तर कळप अजून सावरेल."

शालूबाईंचा चेहरा उतरला. म्हातारी आता विणार नव्हती.

"सकाळीच नेला संदेशनं."

मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवलं. सगळ्या वाटेत त्या एकच घोकत होत्या, "सांच्याला कापत्यात. सांच्यालाच कापत्यात."

संदेश तंबूंमागे मोठ्या पातेल्यातल्या मटणाला मसाला चोळत होता. आम्हाला पाहून खूश झाला.

"पाव्हणं आज दुपारीच आलं, मावशी. काय माल निघाला! असा बोकड लय दिसांनी गावला."

 

शालूबाई पातेल्याकडे बघत उभ्या होत्या. संदेशने हात धुतले आणि विचारलं, "म्होरच्या शनवारी कंचा देताय?"

"कंचा बी ने," त्या म्हणाल्या. "आता समदे सारकेच हायती."