कोंबडी वाजेपर्यंत

टर्रर्र करून कोंबडी वाजली आणि पंचवीस मिनिटांची शांतता मोडली.

कोंबडी म्हणजे स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिकचं घड्याळ. मान पिरगाळून मिनिटं लावायची, वेळ भरली की ती ओरडते. चार वर्षांच्या मुंगीला त्या मान पिरगाळण्याचं फार वाईट वाटे, म्हणून ती रोज आधी कोंबडीला कुरवाळून घेई. मग आईने मान फिरवली की खडूची पेटी घेऊन टेबलाखाली शिरे. कोंबडी वाजेपर्यंत बोलायचं नाही, आणि अगदीच राहवलं नाही तर कुजबुजायचं, हा घरचा कायदा.

"झालं का काका?" आईने टेबलावरच्या फोनला विचारलं.

"आठ फर्मे शिवून झाले, बाई. नववा अर्धा राहिला. चहाला उठलो नाही, रेडिओ उघडून बघितला नाही. लिहून ठेवा तुमच्या वहीत."

तिने लिहून ठेवलं: आठ फर्मे, म्हणजे पुस्तकाच्या घडी घातलेल्या पानांच्या आठ जुड्या. ती कोच होती, एडीएचडी असलेल्या माणसांची. सासूबाईंना हे अजून पचलेलं नव्हतं. "ना मैदान, ना शिट्टी. कोच कसली गं तू?" असं त्या फोनवर हमखास विचारत. आता त्यांना काय सांगायचं? हातातलं काम टाकून तिसरंच काहीतरी उचलणाऱ्या माणसांना काम सुरू करायला आणि तडीस न्यायला ती मदत करी. कुणाला दिवसाचे तुकडे पाडून देई, कुणाचं नुसतं ऐकून घेई.

बायंडरकाकांसाठी मात्र निराळी रीत होती. पुस्तकबांधणीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण दुकानात अर्धवट बांधलेल्या पुस्तकांची चळत छताला टेकायला आलेली. सगळे त्यांना धरसोड्या म्हणत, आणि तेही स्वतःला तेच समजत. चोपन्नाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी त्या धरसोडीला नाव दिलं आणि त्यांना हिच्याकडे पाठवलं. तेव्हापासून रोज सकाळी दहाला फोन. काका आज काय करणार ते एका वाक्यात सांगत, कोंबडीची मान फिरे, आणि मग दोघंही आपापल्या कामाला लागत. फोन चालू ठेवायचा, बोलायचं काही नाही. कुणीतरी सोबत आहे एवढ्यावर काकांचे हात चालत.

पहिल्या दिवशी त्यांनी अकरा वेळा विचारलं होतं, "बाई, आहात ना?" आणि तिने अकरा वेळा सांगितलं होतं, "आहे." वहीत तेवढ्या रेघा होत्या. पुढे त्या सात झाल्या, तीन झाल्या, मग पान कोरंच राहू लागलं.

खरं तर तिलाही त्या पंचवीस मिनिटांची ओढ लागली होती. नवरा जहाजावर. त्याचा फोन येई तो बंदराला लागल्यावर, आणि गॅस आहे का, मुंगी नीट जेवते का, एवढं होईस्तोवर आवाज तुटे. बाकी दिवसभर बोबडं बोलणं आणि बोबडं ऐकणं. दहा वाजता मात्र पलीकडे एक मोठं माणूस असे. कागदातून दोरा ओढल्याचा सर्र आवाज, दाभण खाली ठेवल्याची टक्क, मध्येच खोकल्याची उबळ. त्या आवाजाच्या सोबतीने ती कपड्यांच्या घड्या घाली. कपडे नसले तर कपाटातले घडी केलेले काढून, मोडून पुन्हा घाली.

"बाई, एक सांगायचं होतं," काका म्हणाले. "इथल्या मोठ्या ग्रंथालयाचं विचारणं आलंय. जुनी पुस्तकं दुरुस्त करायची. कायमचं काम, स्वतंत्र खोली, खिडकीशी टेबल. आज बाराच्या आत कळवायचं होतं."

"अरे वा. मग?"

"मग काय, नाही म्हणणार आहे. तिथे फोन दारातच काढून ठेवावा लागतो. तुम्ही नसलात तर माझ्याच्यानं व्हायचं नाही. दोन दिवसांत धरसोड्याचा धरसोड्या."

तिच्या हातात मुंगीचा मोजा होता. त्याचा जोडीदार ती टोपलीत शोधू लागली.

सतरा दिवसांपूर्वी, एका मंगळवारी, तिचा फोन मध्येच बंद पडला होता. चार्जिंग संपलेलं, आणि हिला कळलं ते थेट कोंबडी वाजल्यावर. घाईघाईने वायर लावून तिने फोन केला, तर काका खुशीत होते. "आत्ताच कट झाला वाटतं. पण बघा, सहाच्या सहा शिवले." आणि तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "हो, आत्ताच." नंतर फोनने वेळ दाखवली तेव्हा कळलं, तो पाचव्या मिनिटालाच तुटला होता.

कोचचं काम शिकताना तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं: ज्या दिवशी माणूस तुम्हाला शोधायचं विसरेल, त्या दिवशी त्याला तसं सांगा आणि बाजूला व्हा. तिने ते सांगितलं नव्हतं. उद्या सांगू, सोमवारी सांगू, असे सतरा दिवस ढकलले होते. आजही गप्प राहिलं तर उद्या दहाला फोन येणारच होता. परवाही.

घड्याळात साडेदहा वाजून गेले होते.

"काका, नाही म्हणू नका," ती म्हणाली. "त्या मंगळवारी, तुम्ही सहा फर्मे शिवलेत ना, तेव्हा मी नव्हते."

"नव्हतात म्हणजे?"

"फोन पाचव्या मिनिटाला बंद पडला होता. पुढची वीस मिनिटं लाइनवर कुणीच नव्हतं."



"वीस मिनिटं मी एकटा होतो?"

"हो."

"आणि हाक मारली असेल तर?"

"ते मला कसं कळणार? पण मारली असतीत तर उत्तर आलं नाही म्हणून थांबला असतात. तुम्ही थांबला नाहीत."

"खरंय," काका सावकाश म्हणाले. "नाही मारली. टाका एकसारखे पडत होते, तेवढंच आठवतंय." आणि मग, "एवढे दिवस का नाही बोललात, बाई? मी रोज धास्तावलेला असतो, फोन लागेल की नाही म्हणून."

"चुकलं माझं."

"चुकलं ते ठीक आहे. पण का?"

तिने मोज्याची घडी घातली. एकट्या मोज्याची घडी नीट बसत नाही. "काका, बारा वाजायच्या आत कळवायचंय ना तुम्हाला?"

"अगं बाई." खुर्ची सरकली. "कळवतो कसला, स्वतःच जाऊन हो सांगतो, इथून तीन गल्ल्या. चष्मा कुठे ठेवला? हा इथेच की, डोळ्यांवर." चपलांचा आवाज, किल्ल्यांचा आवाज, दार ओढून घेतल्याचा आवाज. पावलं पायऱ्या उतरत लांब गेली. येतो म्हणायचंही ते विसरले, आणि फोन दुकानातच चालू राहिला.

तिने कट करायला बोट पुढे नेलं आणि तसंच ठेवलं. पलीकडे पंखा फिरत होता. अर्ध्या राहिलेल्या नवव्या फर्म्याचे कागद वाऱ्याने उचलत असावेत, मधूनमधून फडफड ऐकू येई. ती ऐकत बसली. मग कोंबडी जवळ ओढली, मान फिरवली आणि टोपलीतला टॉवेल उचलला.

टेबलाखालून मुंगी बाहेर आली. बोटांना निळा खडू लागलेला. तिने आधी कोंबडीकडे पाहिलं. या वेळी कुरवाळायचं राहून गेलं होतं. मग फोनला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला, आणि घरच्या कायद्याप्रमाणे आईच्या गळ्याशी येऊन कुजबुजली,

"आई, आता तिकडे कोण आहे?"